भुलाबाईची गाणी बॉर्डर पाइपवर बसवून राहिलो, नऊच सूर आहेत, मार्ग सांगा

महालचा_भाता:
नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, लग्नात आणि परेडमध्ये वाजतो तो बॅगपाइप हा नाही, तो हायलँड. माझ्याकडे आहे तो बॉर्डर पाइप, स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या गावांमधला. यात तोंडानं फुंकायचं नसते, उजव्या काखेखाली भाता असतो, लोहाराचा असतो तसाच पण छोटा, तो दाबत राहायचा आणि डाव्या काखेत पिशवी. पिशवीला तीन ड्रोन, म्हणजे नुसता एकेक सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या. आवाज हायलँडपेक्षा बराच कमी, म्हणजे शेजारचे काका अजून भांडायला आले नाहीत, फक्त खिडकी लावून घेतात. मावसभाऊ पाच वर्षं न्यूकॅसलला होता, तिथं त्यानं सेकंडहँड घेतला, सहा महिने वाजवला, मग वहिनीनं हात जोडले आणि दिवाळीला येताना तो माझ्यासाठी 'गिफ्ट' घेऊन आला. शाळेच्या बँडमध्ये मी तीन वर्षं हायलँड वाजवला होता, त्यामुळे बोटं अगदीच कोरी नव्हती.

आता मुद्दा. माझी आत्या काटोलकडची, वय अठ्ठ्याहत्तर, तिला भुलाबाईची गाणी तोंडपाठ. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघरी टिपऱ्या घेऊन जायच्या, गाणी म्हणायच्या, मग खाऊ ओळखायचा, ते सगळं तिनं केलेलं आहे. आमच्या कॉलनीत आता कोणी भुलाबाई बसवत नाही. मी तिच्याकडून अकरा गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली आणि ती पाइपवर बसवून लिहून काढायची असं डोक्यात घेतलं, म्हणजे तिकडच्या वाजवणाऱ्यांनाही पाठवता येतील. आठ झाली. तीन अडकली.

चँटरवर, म्हणजे बोटं फिरवायची त्या भोकांच्या नळीवर, नऊ सूर आहेत. ए ला सा धरला (आपली पांढरी सहा) तर खाली फक्त एक कोमल नि, मग सा रे ग म प ध, कोमल नि आणि वरचा सा. संपलं. एक गाणं खाली मंद्र पंचमापर्यंत जाते, तिथं माझ्याकडे भोकच नाही. दुसऱ्या गाण्यात एकाच सुरावर सहा-सात अक्षरं म्हणायची असतात, आणि पाइपचा आवाज तर तुटतच नाही, सा सा सा सा वाजवलं की एक लांबलचक सा होतो, आगगाडीची शिट्टी. तिसऱ्यात आत्या कोमल गंधार लावते आणि माझ्याकडे शुद्ध आहे.

आणि हे लिहून शेअर कसं करायचं? स्टाफ नोटेशन मला अर्धवट येते, भातखंडे लिपी तिकडच्यांना कळणार नाही. आणि नाव कोणाचं टाकायचं? आत्याचं, माझं, की नुसतं 'पारंपरिक'?

सावजीच्या_गल्लीत:
ना बाप्पा. भुलाबाईले बॅगपाइप? भुलोजी माहेरी पळून जाईन. सनई घे ना बे भाऊ, आपली आहे, मींड निघते, श्वास घेऊन थांबता येते, रीडसाठी (आत थरथरते ती पात) परदेशी पैसे पाठवावे लागत नाही.

महालचा_भाता:
@सावजीच्या_गल्लीत सनई कोणी गिफ्ट दिली असती तर सनई वाजवली असती भाऊ 😄 आणि पिशवीचं वाद्य आपल्याकडे नवीन नाही, उत्तराखंडात लग्नात मशकबीन वाजतेच. गारुड्याच्या पुंगीतही एक नळी चालीची आणि एक नुसती सूर धरून ठेवणारी, तेच तर तत्त्व आहे.

कामठी_पाइपर:
भाऊ मी बावीस वर्षं पलटणीत पाइप वाजवला, आता रिटायर होऊन कामठीलाच राहतो. हायलँड वाजवला, बॉर्डर फक्त एकदा हातात घेतला होता, पण बोटं तीच असतात म्हणून सांगतो.

एकाच सुरावर चार अक्षरं आली तर मध्ये कट टाकायचा. म्हणजे वरचं एक बोट क्षणभर उचलायचं आणि टाकायचं, कानाला वेगळा सूर ऐकू नाही यायला पाहिजे, नुसता तुटल्याचा भास झाला पाहिजे. खालच्या ए वर असशील तर जी चा कट, मग डी चा, मग ई चा, असे तीन वेगवेगळे पाळीपाळीनं लाव, एकच सारखा लावला तर शिवणाच्या मशीनसारखं वाजते. ई वर आला की ई चा कट नाही ना लावता येणार, तिथं वरच्या जी चा लाव किंवा खालच्या ए ला बोटांनी टपली मार. पोराला रिक्रूट असताना आम्ही हे दोन महिने नुसतं प्रॅक्टिस चँटरवर करवून घेत होतो, पिशवीला हात लावू देत नव्हतो.

पण एक ऐक. पलटणीतले मोठे डबलिंग, टावरलुआ, बर्ल हे बोटांचे जड दागिने त्या गाण्यात कोंबू नको. ते मैदानावर पन्नास कदमावरून ऐकू यायसाठी आहे. पोरीच्या गाण्याला ते घातलं म्हणजे परकर-पोलक्यातल्या पोरीला बूट आणि पट्टा चढवल्यासारखं. जिथं आत्या अक्षरावर जोर देते तिथं कट, जिथं ती घसरून जाते तिथं काहीच नाही. गाणं तोंडानं म्हणत बोटं हलव, कट आपोआप अक्षरावर येतील.

रीडचं काय करतोस ते सांग. आम्ही फुंकतो तेव्हा तोंडातली ओल रीडला लागते. तुझ्या भात्यात खोलीतलीच हवा जाते, आणि मे महिन्यात नागपूरची हवा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. रीड वाळून आकसते आणि वरचे सूर चिरकतात. कूलरच्या खोलीत वाजवत जा, गच्चीवर नाही. रीड साबणाच्या डबीत ठेव, बाजूला ओल्या स्पंजचा छोटा तुकडा, पण रीडला टेकवायचा नाही.

षड्ज_पंचम:
किती छान प्रश्न आहे! मी धरमपेठेत गाणं शिकवते, पाइपमधलं मला शून्य कळतं, पण तुम्ही सूर लिहिलेत म्हणून बोलते.

तुम्ही ए लाच सा का धरताय? ड्रोन ए चा आहे म्हणून, बरोबर? तसा धरला तर तुमचे सूर खमाज थाटाचे होतात, सगळे शुद्ध आणि नि कोमल. पण मूर्च्छना विसरलात. तेच नऊ सूर ठेवून सा हलवा. डी ला सा म्हणा, म्हणजे पांढरी दोन, की तुमचा चँटर मंद्र मध्यमापासून मध्य पंचमापर्यंत सरळ बिलावल होतो, शुद्ध नि सकट. तुमचं पहिलं गाणं मंद्र पंचमापर्यंतच जातं ना? मग ते इथे आरामात मावेल. ड्रोन ए म्हणजे पंचम होईल, तानपुऱ्याची पहिली तार पंचमाचीच असते, कानाला खटकणार नाही. फक्त तुमच्या तीन ड्रोनपैकी एखादा ई वर लावलेला असेल तर तो बंद करा, नाहीतर सगळ्या गाण्याखाली रिषभ गुणगुणत बसेल.

ई ला सा धरला तर काफी थाट मिळतो, कोमल ग, कोमल नि. ड्रोन ए मध्यम होतो, मालकंसाला तानपुरा मध्यमात लावतात तसा. पण मग वर फक्त मध्यमापर्यंत जाता येईल, पंचम उरत नाही. बी ला सा धरला तर आसावरी, पण ड्रोन कोमल निषादावर येतो, तो मात्र छळ आहे, तासभर ऐकवणार नाही. काळी तीनवर धराल तर भैरवी होते, कागदावर. तिथून वरती सा धरून तीनच सूर उरतात, त्यामुळे सोडून द्या.

तिसऱ्या गाण्याचा कोमल गंधार आधी नीट तपासा असं सांगेन. तानपुऱ्याचं अॅप लावून आत्याचं रेकॉर्डिंग त्यावर ऐका. आमच्याकडे लोकगीतं शिकायला येतात त्यांच्यात नेहमी होतं, म्हातारी बाई गाते तो गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, मधला असतो, आणि आपण पेटीवर शोधायला गेलो की पेटी आपल्याला दोनच पर्याय देते. तुमचा पाइप ड्रोनवर जुळवलेला असेल तर त्याचा शुद्ध गसुद्धा पेटीपेक्षा थोडा उतरलेलाच असणार, साधारण चौदा सेंट (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट असतात). ते चांगलंच आहे, पेटीशी जुळवायला जाऊ नका.

महालचा_भाता:
@षड्ज_पंचम ताई, डी ला सा!! हे मला सुचलंच नाही, ड्रोन ऐकून ऐकून ए हाच सा असं डोक्यात बसलं होतं. आत्ता करून पाहिलं, पहिलं गाणं पूर्ण बसलं, एकही सूर बदलावा लागला नाही. तिसरा ड्रोन ई वरच होता, बंद केला.

कोमल गवालं गाणं सा रे ग म प सगळं घेते, प एकदाच येतो पण तिथंच टिपरी पडते, तो काढला तर गाणंच लंगडं होईल. म्हणजे ई ला सा धरून चालणार नाही.

टाइनकाठचा_वऱ्हाडी:
मूळ अकोल्याचा, आता न्यूकॅसलजवळ राहतो, इथल्या पबमध्ये महिन्यातून एकदा सेशन असते तिथं वाजवतो (वाईट). तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहितो कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय.

लिहायला एबीसी नोटेशन वापरा, आंधळेपणानं. क्रिस वॉलशॉ नावाच्या माणसानं ते बसवलं, साध्या कीबोर्डवरची अक्षरं म्हणजे सूर, त्यामुळे पूर्ण चाल एका ईमेलमध्ये मावते आणि कुठलंही फुकट सॉफ्टवेअर त्याचं स्टाफ नोटेशन करून देते, वाजवूनही दाखवते. पाइपसाठी त्यात वेगळी 'की' (स्केल) आहे, के च्या ओळीत एचपी लिहायचं. कट महिरपी कंसात. आणि चालीखाली गाण्याचे शब्द देवनागरीत अक्षर-अक्षर तोडून लिहिता येतात, सुराखाली अक्षर बरोबर बसते, आत्याच्या गाण्यांना हे फार कामाचं आहे कारण कामठीवाल्या काकांनी सांगितलं तसं कट अक्षरावर येतो, मग वाजवणाऱ्याला मराठी येत नसली तरी कळते कुठं तोडायचं. एक सावधगिरी, चाल व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये पेस्ट करू नका. एबीसीत टिल्ड (~) आणि अंडरस्कोर (_) लागतात आणि व्हॉट्सअॅप त्याचं खोडलेलं आणि तिरपं अक्षर करून टाकते. मी एका मित्राला चाल पाठवली, तो म्हणे तू अर्धी चाल काटली का. फाइल करूनच पाठवा.

नावाचं. एबीसीत यासाठी वेगवेगळ्या ओळी आहेत. सी म्हणजे रचनाकार, तिथं 'पारंपरिक'. ओ म्हणजे कुठली, तिथं काटोल, विदर्भ. एस म्हणजे कोणाकडून मिळाली, तिथं आत्या, पण आधी तिला विचारा नाव टाकू का आणि नको म्हणाली तर 'काटोलकडची एक आजी' पुरे. झेड म्हणजे उतरवून घेणारा, तिथं तुम्ही. आणि एन मध्ये तुम्ही काय बदललं ते. बदललेलं लिहाच. सूर वर उचलला, एक कडवं जोडलं, सगळं. लोक हे लिहीत नाहीत आणि मग पन्नास वर्षांनी कोणीतरी तुमची तडजोड म्हणजेच मूळ चाल समजून बसते.

तोंडघशी पडलो ते असं, आईनं शिकवलेली एक चाल मी 'पारंपरिक' म्हणून इथं सगळ्यांना दिली, दोघांनी तर ती बसवून कार्यक्रमात वाजवली, आणि नंतर माझ्या काकांनी सांगितलं अरे ती जुन्या सिनेमातली आहे. आई लहानपणी रेडिओवर ऐकून गायची, बस. आपल्याकडे कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, इथं सत्तर. त्यामुळे आधी गावातल्या दोन-तीन बायकांना गाऊन दाखवा, त्यांच्याकडे तीच चाल थोडी वेगळी असेल तर सुटलात, शब्दन् शब्द सारखी असेल तर शंका घ्या. मूळ चाल कोणाच्या मालकीची नसली तरी तुम्ही बसवलेली मांडणी तुमची असते, त्यामुळे कोणी वापरावी अशी इच्छा असेल तर तसं लिहून टाका, श्रेय द्या आणि पुढे तसंच मोकळं ठेवा, अशी क्रिएटिव्ह कॉमन्सची एक ओळ पुरते.

आता माझ्या आवडीचं. तुम्ही म्हणता आठ गाणी झाली. वाजवून बघा, प्रत्येक अर्ध्या मिनिटात संपत असेल. भुलाबाईच्या गाण्यात चाल दोन ओळींची आणि कडवी वीस, शब्द बदलतात म्हणून पोरींना कंटाळा येत नाही, पण पाइपवर शब्दच नाहीत, म्हणजे तीच दोन ओळ वीसदा. यावर उत्तर याच वाद्याच्या घरी आहे. नॉर्थंबरलंडमध्ये विल्यम डिक्सन नावाच्या माणसानं १७३३ पासून एका वहीत चाळीस चाली लिहून ठेवल्या, ती वही फार उशिरा लोकांच्या नजरेला आली आणि मॅट सिएटल यांनी १९९५ मध्ये ती छापली, तेव्हा कुठं इथल्या लोकांना कळलं की आपले जुने पाइपर वाजवत कसे होते. त्यात चाल छोटीशीच असते, मग तिचेच स्ट्रेन (कडव्यासारखे तुकडे) एकामागून एक, सांगाडा तोच, प्रत्येक वेळी सूर वेगळे भरलेले, कधी दाट कधी उड्या मारत. आणि बऱ्याच चाली दोनच खांबांवर उभ्या, दोन बार (मात्रांचे गट) ए भोवती, मग जी भोवती, परत ए. ताईंच्या भाषेत सा आणि कोमल नि. तबल्याचा कायदा आणि पलटे (तेच बोल फिरवून केलेली रूपं) ज्यांनी ऐकलेत त्यांना हे समजवावं लागत नाही. आत्याच्या गाण्याचे तीन-चार पलटे तुम्ही स्वतः बांधा, पहिल्यांदा आणि शेवटी तिची चाल जशीच्या तशी. आणि एन मध्ये लिहा की मधले पलटे माझे.

कोमल ग बद्दल, बऱ्याच बॉर्डर चँटरवर आडव्या बोटांनी सी नॅचरल (ए ला सा धरून कोमल ग) निघतो, म्हणजे सी शार्पचं (शुद्ध ग) भोक उघडं ठेवून त्याखालची एक-दोन झाकायची. प्रत्येक चँटरची बोटं वेगळी, शोधावी लागतील. हायलँडच्या सवयीनं वाजवलं तर नाही सापडणार कारण तिथं खालची बोटं ठरलेली असतात.

सावजीच्या_गल्लीत:
@टाइनकाठचा_वऱ्हाडी भाऊ तुम्ही तर पाइपचा कीर्तनकार निघाले 😂 पण पलट्याचं पटलं. आमच्याकडे आजी म्हणायची तेव्हा दहाव्या कडव्याले पोरी स्पीड वाढवत होत्या आणि टिपऱ्या डबल पडायच्या. ते पण घाल म्हणा.

महालचा_भाता:
@सावजीच्या_गल्लीत अरे हे भारी सांगितलं. आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते नाही कारण ती एकटीच खुर्चीवर बसून म्हणत होती.

षड्ज_पंचम:
एकटीनं म्हणताना बायका लय धरून ठेवत नाहीत, हे खरंच लक्षात ठेवा. तिला टिपऱ्या हातात द्या आणि सोबत दोघी बसवा, गाणं वेगळंच निघेल.

महालचा_भाता:
तीन आठवड्यांनी अपडेट देतो, उशीर झाला, मध्ये ऑफिसचं क्लोजिंग होतं.

काटोलला गेलो. टिपऱ्या सापडल्या नाहीत, दोन लाटणी दिली. आत्या, शेजारच्या दोघी काकू आणि माझी पोरगी, चौघींनी म्हटलं. सावजीवाल्या भाऊचं खरं निघालं, सातव्या-आठव्या कडव्याला लय जवळपास दीडपट झाली आणि आत्या श्वास घ्यायला थांबेना. एका गाण्याची चाल दोघी काकूंकडे शेवटच्या ओळीत वेगळी होती, त्यावरून तिघींचं अर्धा तास चाललं की बरोबर कोणाची, मी दोन्ही लिहून घेतल्या. दुसरं एक मात्र तिघींचं शब्दन् शब्द, सूरन् सूर सारखं निघालं, ते सध्या बाजूला ठेवलंय.

कोमल गंधाराचं सांगतो. ताईंनी सांगितलं तसं तानपुरा अॅपवर ऐकलं, खरंच मधला आहे, कोमलच्या वर आणि शुद्धच्या खाली. मग चँटरवर दोन रविवार बोटं शोधत बसलो. सी शार्पच्या खालची दोन झाकली तर सूर फार खाली जातो, एकच झाकलं तर कोमलपेक्षा थोडा चढाच राहतो, आणि मी चिडून रीड खालीवर करून पाहत होतो की हा बरोबर कोमल का होत नाही. आणि मग आत्याच्या रेकॉर्डिंगसोबत वाजवला तर तोच. तिचाच ग. म्हणजे माझ्या चँटरची जी खोड होती तीच इथं कामाला आली. एबीसीत नॅचरलची खूण टाकली आहे आणि एन मध्ये लिहिलं की पेटीशी जुळवू नये, ड्रोन लावून आत्याचं रेकॉर्डिंग ऐकावं. रेकॉर्डिंग सोबत देणार आहे, ती हो म्हणाली. नाव टाकू का विचारलं तर म्हणे टाक, पण माहेरचं टाक, गाणी माहेरची आहेत.

पलटे तीन बांधले. तिसऱ्यात लय वाढते आणि टिपरी डबल पडते तशा टपल्या दिल्या आहेत, कामठीवाल्या काका तुमच्यामुळे. रीड साबणाच्या डबीत आहे. मागच्या आठवड्यात एकदा विसरून गच्चीवर वाजवायला गेलो, हवा तापली की सगळंच वर चढते, वीस डिग्रीला लावलेला पाइप चाळीसला अर्ध्या सेमीटोनाच्या (पेटीच्या अर्ध्या पट्टीच्या) आसपास वर असतो म्हणे, ड्रोनही सोबत चढतात म्हणून एकट्याला कळत नाही, पण खालून पोरगी पेटीवर साथ द्यायला लागली तेव्हा दोघंही थांबलो.

कामठी_पाइपर:
टपल्या ऐकव एकदा. फोनवर नको, रविवारी ये, चहा पिऊ. आणि प्रॅक्टिस चँटर घेऊन ये, तुझा जी चा कट जाड येत असणार, शाळेच्या बँडवाल्या सगळ्यांचा येतो.

महालचा_भाता:
येतो काका. आत्याला वाजवून दाखवलं ते सांगायचं राहिलं. पूर्ण ऐकलं तिनं, भाता कसा दाबतो ते दोनदा वाकून पाहिलं, मग म्हणाली छान आहे पण खाऊ कोण ओळखणार.